सॉफ्टवेअरच्या मुखचित्रासाठी गणिती पृष्ठभाग: कोणता निवडावा, कसा रेंडर करावा

त्रिमिती

गणिती सॉफ्टवेअरच्या मुखचित्रासाठी पृष्ठभाग कसा निवडायचा आणि तो नीट रेंडर कसा करायचा, याची माहिती विखुरलेली आहे. ती एका जागी यावी म्हणून हा धागा. समोरचं काम असं: मुक्त-स्रोत संख्यात्मक लायब्ररी, एकच आकृती, आणि ती चार ठिकाणी जाणार. सुरुवातीचा स्प्लॅश, संकेतस्थळाचा माथा, हस्तपुस्तिकेचं छापील ए-४ मुखपृष्ठ आणि पार १६ पिक्सेलपर्यंत उतरणारा आयकॉन.

अट एकच आणि तिच्यावर तडजोड नको: चित्रातला आकार त्याच लायब्ररीच्या फलनांनी काढलेला असावा. मॅटलॅबचं बोधचिन्ह इतकी वर्षं टिकलं, कारण ते त्या सॉफ्टवेअरला सोडवता येणाऱ्या समीकरणाचं उत्तर आहे, बाहेरून आणून चिकटवलेलं नक्षीकाम नाही. मॅथेमॅटिकाचं काटेरी चिन्हही १९८८ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्याच पठडीतलं, पण तो मुळात बहुफलक आहे. इथे वळणदार पृष्ठभाग हवा आहे.

डोळ्यासमोर पाच आहेत:
- एनेपर (१८६४), साध्या बहुपदींचा
- डिनी, ऋण स्थिर वक्रतेचा, शंखासारखा पिळलेला
- कोस्टा (१९८२), तीन टोकं अनंतात जाणारा मिनिमल (सरासरी वक्रता सगळीकडे शून्य असलेला) पृष्ठभाग
- गायरॉइड, नासात काम करताना ऍलन शोन यांनी १९७० मध्ये मांडलेला
- बार्थची षड्घाती (१९९६), सहाव्या घाताच्या समीकरणाची, ६५ शंकुबिंदूंची (दोन शंकूंची टोकं भेटतात ते बिंदू)

यातला कोणता लहान आकारात तग धरतो? मेश (त्रिकोणांची जाळी) करावी की प्रत्येक पिक्सेलमधून थेट किरण टाकावेत? आणि छपाईत काय बिघडतं?

शून्यबिंदू

मॅटलॅबचा विषय काढलात तर त्यातली मेख आधी पाहू, कारण निवडीचा निकष तिथेच सापडतो.

तो आकार म्हणजे एल-आकाराच्या पडद्याचं पहिलं आइगनफलन, म्हणजे पडद्याच्या कंपनाचा पहिला नैसर्गिक आकार. तीन एकक चौरस जोडून झालेला प्रदेश, कडा घट्ट धरलेल्या, आइगनमूल्य ९.६३९७२३८. क्लीव्ह मोलर यांच्या १९६५ च्या प्रबंधात हा प्रश्न आहे. उत्तर आतल्या कोपऱ्याभोवती ध्रुवीय निर्देशकांत बेसेल फलन गुणिले साइन अशा पदांची बेरीज म्हणून मांडतात, आणि पहिल्या पदाची कोटी २/३ असते. कोपऱ्याचा कोन २७० अंश आहे, त्यातून तो अपूर्णांक येतो.

आता मेख. खऱ्या आइगनफलनाची किंमत सगळ्या कडांवर शून्य हवी. बोधचिन्हात बाहेरच्या कडा उचललेल्या दिसतात, कारण मॅटलॅबचं मेम्ब्रेन फलन डिफॉल्टमध्ये दोनच पदं घेतं. पदं वाढवली की कडा खाली बसतात, गणित बरोबर होतं आणि चित्र सपक होतं. ती उचललेली कडच प्रकाश पकडते. माझ्या मते ही तडजोड योग्य आहे, पण ती उघड सांगितलेली असावी. मुखचित्राच्या स्क्रिप्टमध्ये किती पदं घेतली आणि का, हे लिहून ठेवा.

रेंडर करताना काय बिघडतं तेही इथेच सांगतो. कोपऱ्यापासून अंतर र धरलं तर उंची र च्या २/३ घाताने वाढते, म्हणजे उतार र च्या −१/३ घाताने जातो आणि कोपऱ्यात अनंत होतो. एकसारख्या चौकोनी जाळीवर शेजारच्या बिंदूंच्या फरकाने नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) काढलेत तर तिथे डाग पडतो. दोन उपाय आहेत. कोपऱ्याजवळ जाळी ध्रुवीय करून र च्या दिशेने घातांकी दाट करा, किंवा नॉर्मल थेट मालिकेच्या विकलजातून काढा आणि फक्त कोपऱ्याच्या बिंदूसाठी शेजारच्यांची सरासरी घ्या.

आणि तोच पडदा पुन्हा नको. ते दुसऱ्याचं बोधचिन्ह आहे. नुसता रंग बदलून ते तुमचं होणार नाही.

वक्रता

पाचांमधून मी एनेपर उचलेन. कारणं गणिती आहेत.

क्ष = उ − उ³/३ + उव²
य = व − व³/३ + वउ²
झ = उ² − व²

उ, व ध्रुवीय घ्या आणि र = √(उ² + व²) धरा. र = √३ च्या आत पृष्ठभाग स्वतःला कुठेच छेदत नाही. बरोबर √३ ला समोरासमोरच्या कडा झ-अक्षावर दोन बिंदूंत भेटतात, एक झ = ३ ला आणि दुसरा झ = −३ ला. म्हणून १.७ पर्यंत नेलंत तर गणिताने चुकत नाही, पण चित्रात कडा चिकटल्यासारख्या दिसतात आणि आयकॉनमध्ये तो गोळा होतो. १.४ ते १.५ ही मला योग्य वाटणारी मर्यादा. १.२ च्या खाली गेलात तर साधं खोगीर उरतं, एनेपरची ओळखच पुसली जाते.

नॉर्मल मेशवरून काढू नका. त्याचं सूत्र हातात आहे:

(−२उ, २व, १ − र²) ÷ (१ + र²)

त्यामुळे १०० × ४०० ची जाळीसुद्धा ए-४ वर गुळगुळीत दिसते. फक्त बाह्यरेषेवर तुकडे दिसू नयेत म्हणून कडेला जाळी दाट ठेवा. इथे ताण (१ + र²) पटीने वाढतो, म्हणजे र = १.५ ला मध्यापेक्षा ३.२५ पट. र चे टप्पे समान ठेवलेत तर सगळ्यांत मोठे त्रिकोण नेमके कडेला येतात, जिथे ते लपत नाहीत.

पृष्ठभागावर रेघा हव्या असतील तर त्रिकोणांच्या कडा कधीही दाखवू नका. उ आणि व स्थिर ठेवून निघणाऱ्या रेषाच घ्या. एनेपरवर त्या वक्रतारेषाच असतात आणि एकमेकींना काटकोनात छेदतात. डोळ्याला कारण कळलं नाही तरी तो नेटकेपणा जाणवतो.

जाडी देणं अत्यावश्यक आहे. शून्य जाडीचा कागद कडेवरून पाहिला की नाहीसा होतो. नॉर्मलच्या दोन्ही बाजूंना थोडं सरकवून दोन पत्रे करा आणि कडेला पट्टी जोडा. किती सरकवायचं याची मर्यादा वक्रता ठरवते: मुख्य वक्रता ±२/(१ + र²)² आहे, म्हणजे मध्यबिंदूला वक्रतात्रिज्या ०.५. अर्धी जाडी त्याहून कमी हवी, नाहीतर आतला पत्रा उलटतो. मोठ्या चित्राला ०.०३ भरपूर झाली.

आता डिनी, कारण तो फार फसवतो.

क्ष = कॉस उ × साइन व
य = साइन उ × साइन व
झ = कॉस व + लॉग(टॅन(व/२)) + ०.२उ

उ शून्यापासून ४पाय पर्यंत, व साधारण ०.०१ पासून २ पर्यंत. व शून्याकडे गेला की लॉग खाली पळतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. निसटतं ते दुसरंच. व च्या दिशेचा विकलज पाय/२ ला शून्य होतो, जरी ०.२उ हे पद असलं तरी. तिथे पृष्ठभागाला धारदार कड आहे. क्रॉस गुणाकाराने नॉर्मल काढलात तर त्या कडेवर शून्य सदिश मिळतो आणि काळं वेटोळं उमटतं. शिवाय कडेच्या दोन बाजूंना नॉर्मल उलट दिशांना जातात, त्यामुळे अर्धा शंख अंधारात राहतो. उपाय: व-विकलजातून कॉस व हा सामाईक अवयव आधीच काढून टाका. उरतो (कॉस उ, साइन उ, कॉट व). तो कुठेच शून्य होत नाही आणि नॉर्मल सलग राहतो.

त्रिमिती

फार उपयुक्त. कोस्टा मात्र लायब्ररीसाठी जास्त बोलका वाटतो, कारण आमच्याकडे दीर्घवृत्तीय फलनं आहेत. एनेपर काय, कुणीही काढेल. कोस्टा किती जड जाईल?

वक्रता

वाटतो त्याहून हलका, जर सममिती वापरलीत तर.

एकक चौरसाच्या जाळीवर वायरश्ट्रासची झीटा आणि पे ही दीर्घवृत्तीय कुळातली फलनं लागतात. क्ष आणि य झीटावरून मिळतात, झ हा (पे − इ१)/(पे + इ१) च्या केवल मूल्याच्या लॉगवरून. इ१ = ६.८७५१९, आणि जी२ = ४ × इ१² म्हणजे १८९.०७२७, जी३ शून्य. आवर्तनं १ आणि आय असताना झीटाची कोटँजंट-साइन मालिका प्रचंड वेगाने आटोपते. मूलपट्ट्यात प्रत्येक पुढचं पद साधारण ई च्या −पाय घाताने, म्हणजे ०.०४३ पटीने लहान होत जातं. दहा-बारा पदांत दुहेरी अचूकता हाती येते. त्यासाठी वेगळं पॅकेज ओढायची गरज नाही.

सगळा चौरस काढू नका. ०, १/२ आणि (१ + आय)/२ या शिरोबिंदूंचा त्रिकोण घ्या. तो पृष्ठभागाचा बरोबर एक-अष्टमांश आहे. त्रिकोणाची तिरकी बाजू अवकाशात सरळ रेषेवर बसते, तिच्याभोवती १८० अंश फिरवा. बाकी दोन बाजू उभ्या प्रतलांत बसतात, त्यांत आरसा धरा. आठ तुकडे जोडले की कोस्टा पूर्ण. शिवणीवरचे बिंदू जोडताना एकाच किमतीला पक्के बांधा (रेषेवरचा झ म्हणजे शून्यच, १०⁻¹⁵ नव्हे), नाहीतर कोन मऊ करताना केसासारखी फट दिसते.

त्रासाची जागा टोकांची आहे. ० ला सपाट टोक, १/२ ला कॅटेनॉइडचं (कर्ण्यासारखं उघडत जाणारं). प्राचलाच्या चौरसात त्यांच्याभोवती गोल भोक पाडून सोडून दिलंत तर अवकाशातली कड तुम्हाला हवी तशी येत नाही आणि तिन्ही टोकांचं प्रमाण बिघडतं. त्याऐवजी टोकांजवळ जाळी घातांकी दाट करा, गरजेपेक्षा बाहेरपर्यंत काढा, आणि मग अवकाशात दंडगोलाने कापा. कड वर्तुळाकार, स्वच्छ येते. कॅटेनॉइडची टोकं लॉगच्या वेगानेच चढतात, सपाट टोक मात्र झपाट्याने पसरतं. म्हणून कापाची त्रिज्या सपाट टोकाकडे पाहून ठरवा. ते फार रुंद ठेवलंत तर मधली भोकं, म्हणजे कोस्टाचा जीवच, त्या तबकडीखाली झाकला जातो.

दिसायला अप्रतिम. पण १६ पिक्सेलला फक्त टोपी दिसेल.

किरणशोध

गायरॉइड आणि बार्थबद्दल मी लिहितो. हे अव्यक्त समीकरणाचे, तिथे हिशेब वेगळा.

गायरॉइडचं नेहमीचं समीकरण: साइन क्ष कॉस य + साइन य कॉस झ + साइन झ कॉस क्ष = ०. हा खऱ्या मिनिमल पृष्ठभागाच्या जवळचा, पण अंदाजी आकार आहे. चित्राला चालतो. मात्र खाली नाव लिहिताना "गायरॉइडचं त्रिकोणमितीय रूप" एवढं तरी म्हणा.

पॉव्ह-रे या किरण टाकणाऱ्या रेंडररच्या आयसोसरफेसमध्ये टाकलात की भोकं पडतात, आणि लोक अचूकतेचा आकडा खालीवर करत बसतात. दोष तिथे नसतो. कमाल ग्रेडियंटची (फलन बदलण्याच्या वेगाची) डिफॉल्ट किंमत १.१ आहे, आणि या फलनाचा ग्रेडियंट आरंभबिंदूपाशीच √३ भरतो. किरण उडी मारून पृष्ठभागापलीकडे जातो. ग्रेडियंटचा प्रत्येक घटक √२ च्या आत राहतो, म्हणून एकूण √६, म्हणजे २.४५ च्या पुढे तो कधीच जात नाही. २.५ द्या आणि विषय संपवा. १०० दिलेत तरी चित्र बरोबर येईल, फक्त वेळ वाया जाईल.

जाडीसाठी फलनाचं केवल मूल्य ०.२ पेक्षा कमी असा भाग घेतात. भिंत एकसारखी येत नाही, कारण तिची खरी जाडी ०.४ भागिले ग्रेडियंट एवढी असते आणि ग्रेडियंट जागोजागी बदलतो. फलनाला त्याच्या ग्रेडियंटच्या लांबीने भागून मग मर्यादा लावा. ग्रेडियंट आरपार शून्य होणाऱ्या जागा पृष्ठभागापासून दूर आहेत, भागाकार तिथे सांभाळा.

तरीही मुखचित्र म्हणून गायरॉइड मला पटत नाही. त्याला स्वतःची बाह्यरेषा नाही. तुम्ही कापलेल्या घनाची किंवा गोलाची बाह्यरेषा दिसते. पार्श्वभूमीला उत्तम, चिन्हाला नाही.

बार्थ:

४(फाय²क्ष² − य²)(फाय²य² − झ²)(फाय²झ² − क्ष²) − (१ + २फाय)(क्ष² + य² + झ² − १)² = ०, इथे फाय म्हणजे (१ + √५)/२.

६५ शंकुबिंदूंपैकी १५ अनंतात आहेत, सांत अवकाशात ५० उरतात. षड्घाती पृष्ठभागावर ६५ पेक्षा जास्त असूच शकत नाहीत, हे जॅफे आणि रुबरमन यांनी दाखवलं आहे. म्हणजे चित्रात एक कमाल मर्यादा प्रत्यक्ष गाठलेली दिसते. मुखपृष्ठावर असं काही असणं मला फार मोलाचं वाटतं.

मार्चिंग क्यूब्ज (घनांच्या जाळीवरून मेश काढणारी पद्धत) इथे वापरू नका. शंकूची दोन टोकं ज्या बिंदूत भेटतात तो जाळीच्या घनात कुठेतरी मध्ये पडतो, आणि पद्धत एकतर दोन्ही टोकं तोडते किंवा मध्ये जाड मान तयार करते. २५६ च्या घनाकृती जाळीला एकेरी अचूकतेत ६४ एमबी लागतात, ५१२ ला ५१२ एमबी. मेमरी आठपट होते आणि मान फक्त निम्मी बारीक होते.

किरणच टाका. किरणावर समीकरण सहाव्या घाताची एकचल बहुपदी होतं. पॉव्ह-रेच्या पॉली वस्तूला ८४ सहगुणक ठरलेल्या क्रमाने लागतात. ते हाताने भरू नका, विस्तार प्रोग्रामकडून करून घ्या, आणि स्टर्म (मुळं वेगळी करून शोधणारा) पर्याय चालू ठेवा. स्वतःचा शेडर लिहित असाल तर गोलाच्या आतल्या सात बिंदूंवर फलन मोजून बहुपदी मिळवा. किरणाचा आरंभ कॅमेऱ्यापाशी ठेवू नका, गोलात शिरतो तिथे आणा. कॅमेरा १० एककं दूर असेल तर सहाव्या घातात १० लाखांच्या संख्या एकमेकींतून वजा होतात आणि एकेरी अचूकतेत पृष्ठभागावर वाळू पसरल्यासारखं दिसतं.

शंकुबिंदूवर ग्रेडियंट शून्य, म्हणून नॉर्मल नाही, म्हणून काळा ठिपका. नॉर्मल छेदनबिंदूच्या किंचित अलीकडे मोजा, आणि एका पिक्सेलला किमान १६ नमुने घ्या.

शून्यबिंदू

@किरणशोध, बार्थबद्दल सहमत. फक्त गोलाने कापताना कापाची पोकळ तोंडं उघडी राहतात, तिथे आतली बाजू दिसते. म्हणून दोन्ही बाजूंना प्रकाश हवा. आत आणि बाहेर वेगळा रंग द्यायचा असेल तर फलनाचं चिन्ह वापरा.

हे क्लाइन बाटलीसारख्या आकारावर चालणार नाही. तिथे बाजू एकच आहे, नॉर्मल फेरा पूर्ण करून उलटा परत येतो, आणि मेशच्या शिवणीवर रंग तुटतो. तिथे दोन्हीकडे एकच रंग ठेवा आणि छायांकनात नॉर्मल कॅमेऱ्याकडे वळवून घ्या.

छापखाना

ए-४ ला ३०० डीपीआयने २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, पण तेवढंच रेंडर केलंत तर ब्लीड (कापण्यासाठी लागणारी जास्तीची कड) कुठून आणणार? चारी बाजूंना ३ मिमी धरून २१६ × ३०३ मिमी, म्हणजे २५५२ × ३५७९. नंतर ताणू नका, कॅमेराच तेवढा रुंद करा.

काळ्या पार्श्वभूमीवर चमकदार निळा-हिरवा प्रकाश पडद्यावर सुरेख दिसतो आणि शाईत मरतो. चार शाईंत तो रंगच नाही. रूपांतर केल्यावर उजळ भागातले बारकावे एका सपाट पट्ट्यात गोळा होतात, आणि वळण दिसायचं थांबतं. आकार रंगछटेवर अवलंबून ठेवू नका, उजेड-अंधारावर ठेवा. चित्र करड्या छटांत बदलून पाहा. तिथे वळण समजलं नाही तर छपाईत समजणार नाही.

गडद भागात पट्टे पडतात. १६ बिट टिफमध्ये काम करा आणि ८ बिटवर उतरवताना एका पायरीएवढा नॉइज मिसळा. काळं फक्त काळ्या शाईचं ठेवलंत तर राखाडी दिसतं, चारही शाया पूर्ण ठेवल्यात तर कागद वाळत नाही. एकूण शाईची मर्यादा ज्याच्याकडे छापणार त्याला आधी विचारा.

रेघा ०.२५ पॉइंटपेक्षा बारीक नकोत. ३०० डीपीआयला तो जेमतेम एक पिक्सेल आहे. दाट समांतर रेघा छपाईच्या ठिपक्यांशी भांडतात आणि मोआरे (नको असलेली लाटांची नक्षी) उठतो. जाळी विरळ करा किंवा रेघा वेक्टरमध्ये वेगळ्या द्या.

एकपिक्सेल

आयकॉन म्हणजे मोठ्या चित्राची छोटी प्रत, हा समज सोडा. १६, ३२, ४८ आणि २५६ साठी वेगवेगळे रेंडर करा. सूत्र तेच, प्राचलं वेगळी.

एनेपर र = १.५ ला वरून पाहिल्यावर कर्णाच्या दिशेने मध्यापासून १.५ + १.१२५ = २.६२५ जातो, म्हणजे रुंदी ५.२५. सोळात एकेक पिक्सेल समास सोडून १४ उरतात. भिंत किमान एक पिक्सेल हवी तर जाडी ५.२५/१४ = ०.३७५, अर्धी जाडी ०.१९. @वक्रता यांनी सांगितलेल्या ०.५ च्या मर्यादेत ती आरामात बसते. मोठ्या चित्राची ०.०३ इथे वापरलीत तर कड अर्धपारदर्शक धूर होते. १६ आणि ३२ ला रेघा पूर्ण काढा, स्पेक्युलर (आरशासारखी) चमकही काढा, दोनच छटा ठेवा.

लहान करताना सरासरी रेषीय प्रकाशमूल्यांवर घ्या, एसआरजीबीच्या आकड्यांवर नाही, नाहीतर बारीक उजळ कडा काळवंडतात. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असेल तर काळ्यावर रेंडर करून काळं खोडू नका, कडेला मळकट किनार राहते. अल्फा (पारदर्शकतेची किंमत) रेंडरमधूनच घ्या.

त्रिमिती

मग असं ठरवतोय: चिन्ह आणि आयकॉन एनेपरचा, हस्तपुस्तिकेचं मुखपृष्ठ बार्थचं. बार्थसाठी बहुपदीची मुळं आमच्याच सॉल्व्हरने काढू, म्हणजे मूळ अटही पाळली जाते. एक शेवटचा प्रश्न. मॅटलॅबसारखी दोन रंगी प्रकाशाची खोली भौतिक नियमांच्या रेंडररमध्ये येत नाही. एक बाजू काळीच पडते. का?

शून्यबिंदू

कारण तिथला निळा-हिरवा मुळात डिफ्यूज (पृष्ठभागाच्या रंगातून सगळीकडे विखुरणारा) नाही. त्या चित्रात पृष्ठभाग (०.९, ०.२, ०.२) असा लाल आहे, दिवे (०, ०.८, ०.८) आणि (०.८, ०.८, ०). निळा-हिरवा दिवा लाल पृष्ठभागावर गुणला की (०, ०.१६, ०.१६) उरतो, म्हणजे जवळजवळ अंधार. दिसतो तो रंग स्पेक्युलर पदातला आहे: त्याची तीव्रता १, घातांक फक्त ७, आणि रंग थेट दिव्याचा. घातांक कमी असल्याने चमक ठिपक्यासारखी न राहता अख्ख्या उतारावर पसरते.

तुमच्या रेंडररमध्ये खरबरीतपणा साधारण ०.५ च्या आसपास नेऊन वर रंगहीन परावर्तक थर द्या, आणि त्या बाजूचा दिवा बिंदूऐवजी मोठा चौकोनी घ्या. तरी कमी पडलं तर पृष्ठभागाचा रंगच लालऐवजी करडा करा, मग दोन्ही दिव्यांचे रंग डिफ्यूजमध्येही उतरतील. बार्थला मी करडाच ठेवेन. शंकूंच्या टोकांशी दोन दिव्यांची सीमा इतकी बारीक होते की रंगीत पृष्ठभागावर ती मळल्यासारखी दिसते. आणि कॅमेरा, दिवे, प्राचलं आणि लायब्ररीची आवृत्ती असं सगळं एका स्क्रिप्टमध्ये घालून स्रोतासोबतच ठेवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीला आकार तोच ठेवून फक्त आकडे बदलता येतील.